औषध मारलेली वांगी

आमच्या चौलला ‘औषध’ हा शब्द तीन क्रियापदांबरोबर चालतो, आणि क्रियापद बदलले की अर्थ असा बदलतो की कोशकाराने कपाळाला हात लावावा. औषध ‘घेतले’ म्हणजे माणूस आजारी आहे. पण हेच कुणी आवाज खाली आणून सांगितले, तर त्याने जिवाचे बरेवाईट करून घेतले असे समजावे. औषध ‘मारले’ म्हणजे वांग्यावर, मिरचीवर, आंब्याच्या मोहरावर फवारणी केली. आणि औषध ‘लागले’ म्हणजे फवारणाऱ्या माणसालाच ते बाधले. शहरात औषध लागू पडते. आमच्याकडे ते नुसते लागते.

मराठी शिकवण्यात वीस वर्षे गेल्यामुळे असा शब्द दिसला की मी थांबतो. ज्या बाटलीवर कायद्याने त्रिकोण छापायला लावला आहे, आणि जहाल माल असेल तर कवटी आणि ‘विष’ ही अक्षरेही छापायला लावली आहेत, तिला सारा महाराष्ट्र औषध म्हणतो. याला अडाणीपणा म्हणू नये. शेतकऱ्याच्या लेखी झाड आजारी असते आणि तो वैद्य असतो. झाडाच्या बाजूने पाहिले तर तो शब्द अगदी बरोबर आहे. प्रश्न एवढाच की झाडाने घेतलेल्या औषधातले किती आपण घेतो.

दिवाळीच्या अंकात, फराळाच्या ताटाशेजारी, हा विषाचा विषय कशाला काढला, असे काही वाचकभगिनी म्हणतील. पण दिवाळी सरली की चातुर्मास संपतो, आणि ज्या घरांतून चार महिने वांगे वर्ज्य असते तिथे ते चंपाषष्ठीला भरीत होऊन पुन्हा पानात येते. मंडईत वांग्यांचे ढीग लागायचे दिवस तोंडावर आले आहेत. शिवाय एरवी या सदराला मिळते ते दीड पान. दिवाळीला संपादकमहाशय हात जरा सैल सोडतात. तेव्हा लांबलेली गोष्ट सांगून घ्यावी ती आताच.

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागले, अक्षी आणि नागाव मागे टाकले, की चौल येते. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळींच्या वाड्या, मधून अरुंद रस्ता. आमची वडिलोपार्जित वाडी तिथे आहे आणि ती माझा थोरला चुलतभाऊ सांभाळतो. मी जिल्ह्याच्या गावी राहतो आणि रविवारी जाऊन नारळाचे पाणी पितो. वाडीशी माझा संबंध एवढाच. दादा मात्र सुपारी-नारळावर भागत नाही म्हणून भात निघाल्यावर विहिरीच्या पाण्यावर वांगी, मिरची आणि थोडी भेंडी करतो.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. दुपारी वारा पडलेला पाहून दादा पाठीवरचा पंप घेऊन वांग्यांत शिरला. अर्धे काम झाले आणि वारा फिरला. तोंडाला बांधलेला पंचा ओला झाला, तरी ‘आता एवढ्या दोन ओळी’ म्हणून त्याने काम उरकले. संध्याकाळी त्याला दरदरून घाम सुटला, तोंडाला पाणी सुटू लागले, पोटात कळा येऊ लागल्या. मला फोन आला तोवर वहिनी त्याला रिक्षात घालून निघालीही होती. मी दवाखान्याच्या दारात त्यांना गाठले. आत डॉक्टरांनी डोळ्यांवर विजेरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

“काय घेतलं यांनी?” डॉक्टरांनी विचारले.

“घेतलं नाही हो. औषध मारत होते.”

“घेतलं की मारलं, एकदा नीट सांगा. मला लिहायचं आहे.”

त्यांचेही बरोबर होते. ‘घेतले’ लिहिले की पोलीस आलेच. पण वहिनीच्या जिवाला तो प्रश्न सुईसारखा टोचला. ती एकदम ताठ उभी राहून म्हणाली, “आमच्या घरात कुणी औषध घेत नाही!” आणि मग इतका वेळ आवरून धरलेले रडू तिला फुटले.

तिने एक शहाणपणा केला होता. रिकामी बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर आणली होती. माल ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचा होता. ही जात मज्जातंतूंचे निरोप नेण्याच्या व्यवस्थेत बिघाड करते, किड्याच्याही आणि माणसाच्याही. दादाचे कपडे काढून साबणाने अंग धुतले, अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शने सुरू झाली, आणि तिसऱ्या दिवशी तो घरी आला. बाटलीबरोबरची घडीपत्रिका डॉक्टरांनी मोबाइलचे भिंग लावून वाचली. ती नंतर मी घरी आणून वाचली. एका कागदावर भारतातल्या बहुतेक सगळ्या भाषा, आणि मराठीच्या वाट्याला आलेल्या दोन बोटे जागेत मुंगीच्या पायाएवढी अक्षरे. ज्याने ती वाचायची तो उन्हात उभा, हात ओले, चष्मा घरी.

दादा वाचला. २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडोंना दवाखान्यात न्यावे लागले. भाजीतल्या विषाची चर्चा आपण शहरात करतो तेव्हा आपल्याला आपले ताट दिसते, आणि ते साहजिक आहे. पण जे आपल्या ताटात कणभर येते ते कुणाच्या तरी अंगावर ओंजळभर पडून मग येते, एवढे इथे नमूद करून ठेवतो.

आता, हे औषध वाडीत आले कसे? चौलपुरते सांगायचे तर पहिले आले ते मोरचूद. पोफळीला पावसाळ्यात कोळेरोग पडतो आणि हिरव्या सुपाऱ्या कुजून झाडाखाली सडा पडतो. त्यावर बोर्डो मिश्रण मारतात. किलोभर मोरचूद, किलोभर चुना आणि शंभर लिटर पाणी. हे लोखंडी भांड्यात करायचे नसते. तयार झाल्यावर त्यात स्वच्छ लोखंडी सुरी बुडवून पाहायची. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी घालायचा. प्रयोगशाळा नाही, काही नाही. स्वयंपाकघरातली सुरी हेच यंत्र. पाऊस पडण्यापूर्वी गडी पोफळीवर चढून घोसांना हे पाणी मारतो आणि झाडे निळसर रंगाने माखून निघतात.

या मिश्रणाची जन्मकथा मोठी मौजेची आहे. फ्रान्समध्ये बोर्डो गावाच्या आसपास द्राक्षमळे आहेत. रस्त्याच्या कडेच्या वेलींवरची द्राक्षे येणारेजाणारे तोडत, म्हणून मळेवाले त्या वेलींवर मोरचूद-चुन्याचे निळे पाणी शिंपडून ठेवीत. हेतू एवढाच की द्राक्षे विषारी ‘दिसावीत’. १८८२ साली मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला असे दिसले की केवडा रोगाने सारा मळा झडला असताना या कडेच्या वेली मात्र हिरव्यागार आहेत. १८८५ साली त्याने आपले निष्कर्ष छापले आणि जगाला मोठे बुरशीनाशक मिळाले. म्हणजे आजच्या फवारणीचा एक पूर्वज खाणाऱ्याला घाबरवण्यासाठी जन्माला आला होता! निळा डाग दिसला की लोक फळ धूत, पुसत, किंवा खातच नसत. डाग हीच ताकीद होती.

त्यानंतर जे आले त्याला रंग नव्हता. १९३९ साली पाउल म्युलर या स्विस रसायनतज्ज्ञाला डीडीटीचा कीटकनाशक गुण सापडला आणि १९४८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे १९५३ साली हिवताप नियंत्रणाची देशव्यापी मोहीम निघाली, तेव्हा घरोघर भिंतींवर डीडीटी मारले गेले. हिवतापाने पोरे दगावताना ज्यांनी पाहिली होती त्यांना ते पांढरे पाणी देवाच्या तीर्थासारखे वाटले असले तर नवल नाही, आणि त्याने असंख्य जीव वाचवले हेही खरे. पुढे ते भिंतीवरून शेतात उतरले. डीडीटी आणि त्याचे भाईबंद मातीत, पाण्यात, चरबीत वर्षानुवर्षे टिकून राहतात, आईच्या दुधातही उतरतात, हे कळल्यावर आपल्याकडे १९८९ साली शेतीतला त्याचा वापर थांबवला. बीएचसी पावडर १९९७ साली बंद झाली.

आणि कायदा? तो यायला माणसे मरावी लागली. १९५८ च्या एप्रिल-मे महिन्यांत केरळात आणि मद्रास राज्यात अन्नातून विषबाधा होऊन शंभराहून अधिक माणसे गेली. मुंबईहून जहाजाने गेलेल्या मालात पॅराथिऑन हे कीटकनाशक आणि खाण्याचे जिन्नस शेजारी शेजारी ठेवले होते. गळतीने एक दुसऱ्यात मिसळले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा चौकशी आयोग नेमला गेला, पुढे समिती झाली, आणि त्या घटनेनंतर दहा वर्षांनी, १९६८ साली, कीटकनाशक कायदा झाला. १९७१ च्या नियमांनी बाटलीवर लाल, पिवळा, निळा, हिरवा असे त्रिकोण आणले. लाल सर्वांत जहाल, हिरवा सर्वांत सौम्य. किराणा घ्यायला गेलेल्या माणसाला ही रांगोळी कधी दिसत नाही, कारण बाटली शेताच्या बांधावर राहते आणि वांगे तेवढे पुढे येते.

त्या वांग्यावर जे उरते त्याला सरकारी मराठीत ‘अवशेष’ म्हणतात. हा शब्द वाचला तेव्हा मला हसू आले. चौल-रेवदंड्याच्या माणसाला अवशेष म्हणजे पोर्तुगीजांच्या कोटाची भिंत, सातखणी मनोरा, हमामखाना. सुटीत शहरातून माणसे मोटारीने येऊन ज्यांच्यासमोर फोटो काढतात ते. आमचे अवशेष शेकडो वर्षे टिकले. वांग्यावरचे मात्र काही तासांत, काही दिवसांत कमी होत जातात. ऊन, वारा, पाणी आणि झाडाची स्वतःची वाढ त्यांना खाऊन टाकतात. या विषयातली सगळी मेख या दिवसांत आहे, आणि तीच मला सांगायची आहे.

प्रत्येक कीटकनाशकाच्या पत्रिकेवर, त्या मुंगीच्या पायांत, एक आकडा असतो: शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यावेत. त्याला ‘प्रतीक्षा कालावधी’ असे भारदस्त नाव आहे. कुणाचा तीन दिवस, कुणाचा सात, कुणाचा त्याहून पुष्कळ जास्त. तेवढे थांबले की फळावरचे अवशेष ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेच्या खाली येतात अशी अपेक्षा असते. ही मर्यादा आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरण ठरवते, आणि जिथे मर्यादा ठरलेली नाही तिथे सर्वसाधारणपणे किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे शंभर टन वांग्यांत एक ग्रॅम. एवढा कण हुडकणारी यंत्रे आता आहेत. मर्यादा ओलांडली की माणूस आडवा पडतो असे मुळीच नाही. मर्यादेत पुष्कळ सावधगिरी धरलेली असते. काळजी असते ती रोज थोडे थोडे, वर्षानुवर्षे पोटात जाण्याची, आणि त्यातही लहान मुलांची, कारण त्यांचे वजन कमी असते आणि वजनाच्या मानाने त्यांचे खाणे जास्त.

आता हा दिवसांचा हिशेब एकेका पिकाला लावून पाहावा. आंब्याला मोहरापासून तुडतुडे आणि भुरी यांच्यासाठी फवारण्या होतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यांचे वेळापत्रकच दिले आहे. पण वेळापत्रक पाळणाऱ्या बागेत शेवटची फवारणी आणि फळ उतरवणे यांत पुष्कळ दिवस जातात आणि वर साल असते, ती आपण खात नाही. नारळाचे तर विचारूच नका. करवंटीच्या आतल्या पाण्याइतके निर्धास्त पाणी दुसरे नसेल. अलिबागचा पांढरा कांदा जमिनीत वाढतो आणि सुकून, वेणी घालून, मग बाजारात येतो. वालाच्या शेंगा भाताच्या मागच्या ओलीवर वाढतात, हंगाम थोडका.

पण वांगे? त्याची काढणी एकदाच होत नाही. झाड एकदा लागले की चौथ्या-पाचव्या दिवशी तोडा. भेंडी तर एक दिवसाआड तोडावी लागते. एक दिवस चुकला तर ती जून होऊन दोरखंडाच्या कामाची राहते. मिरची, कारली, तोंडली, सगळ्यांची हीच तऱ्हा. एकाच झाडावर आजचे फळ, परवाचे फळ आणि आठवड्यानंतरचे फूल एकत्र नांदत असतात. आता पत्रिकेवर लिहिले आहे, सात दिवस थांबा. सात दिवस थांबले तर मधला तोडा फुकट गेला. नाही फवारले, तर शेंडा आणि फळ पोखरणारी अळी आत बसलेलीच आहे. ही अळी कोवळ्या शेंड्यात शिरते, मग फळात शिरते, आणि एकदा आत गेली की बाहेरच्या औषधाचा तिच्यावर काही इलाज चालत नाही. म्हणून माणूस ती शिरण्यापूर्वी मारत राहतो. ज्याच्या फळाला थांबायला वेळ नाही त्याच्यावर सगळ्यांत जास्त वेळा औषध, अशी ही विचित्र गाठ आहे. लोभी शेतकरी विष घालतो, असे म्हणून मोकळे होणाऱ्यांनी एकदा भेंडीचा तोडा करून पाहावा.

या अळीवर प्रयोगशाळेतून एक उत्तर आले होते. जालन्याच्या महिको कंपनीने अळीला न चालणारे बीटी वांगे तयार केले. २०१० च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने ते स्थगित ठेवले. बांगलादेशाने २०१३ साली त्याला परवानगी दिली. त्या वादात मी पडत नाही. तो एका लेखाचा विषय नाही.

दादा दवाखान्यातून परतल्यावर मी त्याला हा प्रतीक्षेचा आकडा वाचून दाखवला. तो खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होता. मग म्हणाला, “बरं, मी थांबतो. अळीचं भोक पडलेलं वांगं तुमच्या अलिबागेत कोण घेतो, त्याचं नाव सांग.”

मी गप्प राहिलो, कारण नाव नव्हते. मंडईत बायका कशी वांगी निवडतात ते त्याने मला तिथेच करून दाखवले: देठ वर, मग गोल फिरवून बूड, मग बोटाने दाबून. एक टिचभर भोक दिसले की ते वांगे परत ढिगात. संध्याकाळी त्या परत टाकलेल्यांचा भाव निम्म्यावर येतो. आणि घरच्यासाठी? घराच्या मागे, मोरीच्या पाण्यावर, वहिनीचा वेगळा वाफा आहे. त्यावर आजवर पंप फिरलेला नाही. भोकाची वांगी चिरून, किडका भाग काढून, ती भरीत करते. बाजाराचा वाफा निराळा आणि घरचा निराळा, हे शेतावर जाणाऱ्या माणसाला नवे नाही. त्यात कपट आहे असे मला वाटले नाही. घरच्या वाफ्याला गिऱ्हाइकाची नजर लागत नाही, इतकेच.

परदेशी गिऱ्हाइकाची नजर मात्र बूड आणि देठ यांच्या पलीकडे जाते. २००३ साली आपली द्राक्षे हॉलंडात पोचली तेव्हा तिथल्या तपासणीत मेथोमिल आणि अ‍ॅसिफेट या कीटकनाशकांचे अवशेष मर्यादेबाहेर निघाले आणि माल नाकारला गेला. मोठा हलकल्लोळ झाला. त्यातून पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली, २००६ पासून ग्रेपनेट नावाची व्यवस्था आली. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद, काय मारावे आणि किती दिवस थांबावे यांची यादी, आणि बागेतला नमुना पास झाल्याशिवाय पेटी बंद होत नाही. तरीही २०१० साली वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरलेल्या क्लोरमेक्वाट या द्रव्याचे अवशेष युरोपात सापडले आणि नाशिक-सांगलीकडचे बागायतदार पुन्हा हवालदिल झाले. त्यातून तेही यादीत आले. म्हणजे करायचे ठरवले की जमते, हे आमच्याच नाशिकच्या शेतकऱ्याने दाखवून दिले आहे.

याचा उलटा प्रकार २०१४ च्या मे महिन्यात झाला. युरोपने आपला हापूस थांबवला, आणि त्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळू. कारण विष नव्हे. फळमाशी आणि इतर कीड. आंब्यावरची बंदी २०१५ च्या आरंभी उठली. पण शेतकऱ्याच्या बाजूने हे सगळे एकापुढे एक ठेवून पाहा. औषध निघाले म्हणून माल परत, आणि अळी निघाली म्हणूनही माल परत! या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या वाटेने त्याने चालायचे, हातात मुंगीच्या अक्षरांची पत्रिका घेऊन.

निदान त्या मालाला कुणीतरी तपासते. दादाची वांगी ज्या टेम्पोतून जातात त्याला कुणी थांबवून नमुना घेतल्याचे त्याच्या आठवणीत नाही. देशभरात भाजीपाल्याच्या नमुन्यांची तपासणी केंद्रीय योजनेखाली २००५-०६ पासून होते, मोनोक्रोटोफॉससारखे जहाल औषध भाज्यांवर वापरायला २००५ पासून मनाई आहे. पण हॉलंडला जाणाऱ्या द्राक्षाच्या घोसामागे कागदांचा गठ्ठा असतो, तसा गावच्या मंडईतल्या भेंडीमागे नसतो. ज्या मेथोमिलपायी २००३ साली आपली द्राक्षे परत आली, ते औषध आपल्या देशात बंद व्हायला २०२३ साल उजाडले. मधली वीस वर्षे ते द्रव्य आपल्या दुकानांतून विकायला मोकळे होते.

आता स्वयंपाकघरात यावे. आमच्या स्टाफरूममध्ये या विषयावर रोज एक नवा उपाय निघतो: मिठाचे पाणी, व्हिनेगर, चिंच, हळद, आणि अलीकडे बुडबुडे काढणारे एक विजेचे यंत्र. यांतल्या एकाची नीट पारख झालेली मला ठाऊक आहे. २०१७ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर दोन द्रव्ये मुद्दाम लावून ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवून पाहिली. लिटरला दहा ग्रॅम सोडा होता, आणि बारा ते पंधरा मिनिटांत सालीवरचे जवळजवळ सारे गेले. पण त्यांतल्या एका द्रव्याचा जो भाग सालीच्या आत उतरला होता तो काही निघाला नाही. हे आत उतरणे महत्त्वाचे आहे. काही औषधे पानाफळावर बसून राहतात. काही आंतरप्रवाही असतात, ती झाडाच्या रसाबरोबर अंगभर फिरतात. बसलेले धुऊन जाते. फिरणारे धुवून जात नाही.

म्हणून माझ्या घरी जे चालते ते अगदी साधे आहे. भाजी चिरण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवायची; बादलीत बुचकळून काढलेली भाजी धुतली असे धरत नाहीत. कोबीची वरची दोन-तीन पाने काढून टाकायची. काकडी, दुधी सोलायचे. कढीपत्त्याची डहाळी तशीच फोडणीत टाकायची नाही, कारण त्याला साल नाही, सोलणे नाही, आणि युरोपने जादा तपासणी लावलेल्या भारतीय मालात भेंडीबरोबर त्याचेही नाव होते. आमच्या खिडकीतल्या कुंडीत त्याचे झाड लावले आहे. हंगामाबाहेरची भाजी जास्त औषधावर जगते, तेव्हा जूनमध्ये फुलकोबीचा हट्ट नाही. आणि एवढे सगळे वाचून कुणी भाजी खाणेच कमी केले, तर मात्र त्याने रोग टाळण्यासाठी उपास धरून दुसरा रोग ओढवून घेतला. मुलांच्या पानात पालेभाजी असलीच पाहिजे. ती धुतलेली असावी, इतकेच.

दादापुढे मात्र मला धुण्याच्या गोष्टी सांगता येईनात. त्याने विचारलेले नाव शोधायचे होते. त्या हिवाळ्यात मी आमच्या वसाहतीतल्या आणि कॉलेजातल्या मिळून सात घरांशी बोललो. दर शनिवारी चौलची टोपली, भाव बाजाराचा, अट अशी की किलोत चार वांगी भोकाची निघाली तर कुरकुर करायची नाही. दादाने आपल्या बाजूने फेरोमोनचे सापळे लावले. मराठीत त्यांना ‘कामगंध सापळे’ म्हणतात. शेतीखात्याने आपल्या भाषेला दिलेला हा सर्वांत रसिक शब्द! मादीच्या गंधाने नर पतंग येतो आणि अडकतो. एवढ्यावर कादंबऱ्या उभ्या राहिल्या आहेत. पोखरलेले शेंडे दर दोन दिवसांनी खुडून जाळायचे, निंबोळीचा अर्क मारायचा. हे करूनही अळी वाढली तर औषध मारायचे, पण मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर लाल शाईने ‘औ’ लिहायचे आणि पत्रिकेवरचे दिवस मोजून होईपर्यंतची वांगी टोपलीत घालायची नाहीत.

पहिल्या हंगामात असे ‘औ’ तीन झाले. पूर्वी किती होत, हे दादाने मोजले नव्हते. दर आठवड्याला एकदा तरी, असे वहिनी म्हणते. पंप आता वारा पाहून सकाळी चालतो आणि पंच्याऐवजी मुखपट्टी आणि हातमोजे आहेत. ते घालायला दादा कुरकुरतो, पण त्या बाबतीत वहिनीपुढे त्याचे चालत नाही. पैशाच्या हिशेबात सापळ्यांचा आणि शेंडे खुडणाऱ्या बाईच्या मजुरीचा खर्च वाढला, औषधाचा कमी झाला, आणि तोडे चुकल्याने माल घटला. एकंदरीत तो तोट्यात गेला नाही, पण फायद्यातही आला नाही.

सात घरांपैकी तीन संक्रांतीपर्यंत गळली. एका घरी पाहुण्यांसमोर भरल्या वांग्यातून अळी निघाली, तेव्हा त्यांचे मला बोलणे योग्यच होते. दुसऱ्यांना दर शनिवारी वांगीच काय खायची, असे वाटले, तेही खरेच. उरलेली चार घरे मागच्या हिवाळ्यातही टिकली आणि दोन नवी आली. त्यांतल्या एका बाईंनी मला विचारले की आमच्या मुलाला भोकाचे वांगे शाळेच्या प्रदर्शनासाठी हवे आहे, मिळेल का. मी सांगितले, किती हवीत?

या मार्गशीर्षात पुन्हा टोपली सुरू होईल. मागच्या रविवारी गेलो तेव्हा रोपे वितीएवढी झाली होती आणि सापळ्यांच्या काठ्या आधीच रोवल्या होत्या. वहिनीने यंदा दोन टोपल्या विणून घेतल्या आहेत. मी विचारले, दुसरी कशाला?

“भावजी, भोकाची वेगळी देणार आहे,” ती म्हणाली. “वर ठेवते. म्हणजे मागाहून मला कुणी म्हणायला नको, की खाली लपवून दिली.”